एक शब्दही खोटा नाही

संगमेश्वर बिराजदार हॉटेलात शिरला की अहमदपूरच्या बाजारपेठेतल्या माणसांना अचानक दुसरंच काहीतरी आठवायचं. कुणाच्या घरचं सासू-सुनेचं भांडण रंगात आलेलं असायचं, कुणाच्या पोरीचं मोडलेलं लग्न चघळलं जात असायचं, आणि हा दिसला की सांगणारा चहाचा घोट घेऊन सोयाबीनच्या भावावर यायचा. "हळू बोला, सर आले. उद्या छापून येईल," असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे. संगमेश्वरही हसायचा. कादंबरी आल्यावर पहिली काही वर्षं त्याला हे फार आवडलं. गाव आपल्यासमोर तोंड आवरतं म्हणजे आपण लेखक झालो, अशी त्याची समजूत होती. आवरलेल्या तोंडातून लेखकाला काहीच मिळत नाही, हे कळायला त्याला वेळ लागला. तोवर माणसं बोलायची थांबली होती आणि दुसरं पुस्तक काही होत नव्हतं.

तसा तो शाळेत मराठी शिकवणारा साधा मास्तर. पण त्या एका कादंबरीला बक्षीस मिळालं, आणि मग लातूर, उदगीर, नांदेड, जिथे म्हणून शाल आणि नारळ हातात घेऊन चार माणसं उभी राहतील तिथे त्याचं भाषण होऊ लागलं. भाषण ठरलेलं असे. लेखकाने आधी माणूस म्हणून खरं असावं, जगणं एक आणि लिहिणं एक असं करू नये, असं सांगत सांगत तो आवाज खाली आणायचा आणि म्हणायचा, "माझ्या कादंबरीत एक शब्दही खोटा नाही." टाळ्या नेमक्या इथे पडायच्या. ज्या वाक्याला टाळ्या पडतात ते वाक्य माणूस सहसा बदलत नाही. त्यानेही बदललं नाही.

आता ही खरी गोष्ट होती कुणाची? ती होती त्याच्या थोरल्या बहिणीची, सिंधुअक्काची. आई लवकर गेली, तेव्हा याला कडेवर घेऊन फिरली ती अक्का. याच्या शाळेसाठी बापाशी भांडली ती अक्का. पुढे तिला जळकोटच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या घरी दिलं. नवरा अण्णाराव. शेती बरी होती, माणूस बरा नव्हता. प्यायचा, आणि प्याला की हात उचलायचा. माहेरी आली की अक्का डोक्यावरचा पदर गालापर्यंत ओढून बसायची, आणि का ओढलाय हे कुणी विचारायचं नाही. संगमेश्वरनेही विचारलं नव्हतं.

हा अण्णाराव मेला तो येळवशीच्या दिवशी. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी लातूर भागातली घरं कुलपं लावून शेतात जातात. कडब्याची खोपीसारखी कोप उभी करतात, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, भाज्या-डाळींची भज्जी, पिठाचे उंडे आणि ताकातल्या आंबिलीचा नैवेद्य दाखवतात. मग घरधन्याने आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, घेऊन उभ्या पिकातून शिंपडत फेरा घालायचा. फेरा मध्येच मोडत नाहीत. त्या वर्षी घरधनी सकाळपासूनच तर्र होता, म्हणून बिंदगं अक्काने घेतलं. अर्धा फेरा झाला असेल, तेव्हा विहिरीकडून हाक आली. थोड्या वेळाने पुन्हा आली. अक्का थांबली नाही. ज्वारीतून शिंपडत शिंपडत ती कोपीपाशी आली, बिंदगं खाली ठेवलं, आणि मग ओरडली. माणसं धावली. अण्णारावला वर काढलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. पिऊन पाय घसरला, असं सगळे म्हणाले आणि ते खोटं नव्हतं. पोरगा सत्यम तेव्हा लहान, कोपीत घोंगडीवर झोपलेला होता.

हाकेचं अक्काने कुणालाच सांगितलं नाही. बऱ्याच वर्षांनी लातूरच्या दवाखान्यात तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं, संगमेश्वर उशाशी बसला होता, तेव्हा त्याचा हात धरून तिने एकट्या त्याला सांगितलं. शेवटी म्हणाली, "फेरा मोडू नये म्हणून थांबले न्हाई, का मरू दे त्याला म्हणून थांबले न्हाई, ते मला अजून कळलं न्हाई बघ, संगू."

संगमेश्वर रडला. अगदी खरा रडला. पण त्याचा एकच कान भावाचा होता. दुसऱ्या कानाने तिचं वाक्य जसंच्या तसं उचललं होतं. ती झोपल्यावर तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला आणि विसरू नये म्हणून ते वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवत राहिला. आपण हे काय करतोय, हे त्याला तिथेच कळलं होतं. कळूनही तो घोळवत राहिला.

लिहिताना त्याने सगळं बदललं. अक्काची शिवकांता केली, जळकोटचं गाव उचलून मांजरेच्या काठाला नेलं, मुलाची मुलगी केली. येळवस तेवढी बदलता येईना. बायको सुकन्या पहिली वाचक. ती म्हणाली, हा सण काढा, दुसरा कुठलाही घाला, नाहीतर आंधळ्यालाही दिसेल. त्याने दसरा घालून पाहिला, पंचमी घालून पाहिली. भर दुपारी एकटी बाई बिंदगं घेऊन पिकातून चालतेय आणि चालणं थांबवायचं नाही, असा दुसरा सण पंचांगात नव्हता. प्रसंग मरून जायचा. तो मरू द्यायला संगमेश्वरची तयारी नव्हती, म्हणून येळवस राहिली.

आणि एक गोष्ट त्याने पदरची घातली. 'मला अजून कळलं नाही' असं म्हणणारी बाई कादंबरीत चालत नाही, वाचकाला निकाल लागतो, असं त्याला वाटलं. म्हणून त्याने लिहिलं, की शिवकांताने हाक ओळखली आणि पाऊल मुद्दाम हळू केलं. एवढंच. परीक्षण लिहिणाऱ्यांनी याच वाक्याची तोंड भरून स्तुती केली.

येळवशीच्या दिवशी विहिरीत मेलेला माणूस जळकोटच्या बाजूला एकच होता. पुस्तक गावात पोचायला वेळ लागला, ओळखायला लागला नाही. बायका पाठीमागे अक्काला शिवकांता म्हणू लागल्या. थोरला दीर गुंडप्पा तोंडावर काही बोलला नाही, पण त्याने तिच्या हातचं पाणी घेणं बंद केलं. अक्का चौथी शिकलेली. तिने ते पुस्तक वाचलं की नुसतं लोकांकडून ऐकलं, हे संगमेश्वरला कळलं नाही. तिने कधी विषय काढला नाही, आणि न काढलेला विषय आपण होऊन काढायचं धाडस त्याच्यात नव्हतं. ती पंचमीला माहेरी यायची, ते मात्र बंद झालं. गुडघे दुखतात, असं तिने कळवलं होतं. ते खरं धरणं त्याला सोयीचं होतं.

सत्यमला यातलं काही माहीत नव्हतं. तो विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला, होस्टेलवर राहणारा. त्याची पुस्तकं वेगळी, गावाशी संबंध सुट्टीपुरता. मामा लेखक आहे याचा त्याला अभिमान होता आणि मामाचं पुस्तक वाचायला सवड नव्हती. त्या वर्षी वाचन प्रेरणा दिनाला त्याच्या कॉलेजने पाहुणे म्हणून मामालाच बोलावलं. सत्यमने मित्रांसाठी पुढच्या रांगा धरून ठेवल्या. मामाने ठरलेलं भाषण केलं, ठरलेल्या जागी आवाज खाली आणला, ठरलेल्या टाळ्या पडल्या. सगळ्यांत जास्त सत्यमने वाजवल्या. मग त्याने लायब्ररीतून पुस्तक घेतलं आणि खोलीवर जाऊन वाचलं.

दिवाळीला तो घरी आला नाही.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी अक्का एसटीने अहमदपूरला आली. बऱ्याच वर्षांनी भावाच्या घरात पाऊल टाकलं, पण खुर्चीवर बसली नाही, उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसली. सुकन्याने पाणी दिलं ते प्याली. मग सांगू लागली. पोरगा फोन उचलत नाही. एकदाच उचलला आणि एकच विचारलं, आई, तू हाक ऐकली होतीस का? तिच्या तोंडून शब्द फुटला नाही आणि त्याने फोन ठेवला. सुट्टीत कुठे राहिला, काय खाल्लं, तिला काही माहीत नाही. हे सांगताना ती रडली नाही. रडून झालेलं दिसत होतं.

"तू लिव्हलंस, तूच मिटव," ती म्हणाली. "जाऊन त्याला सांग, ह्ये समदं मी मनानं लिव्हलं म्हणून."

संगमेश्वर चाचरत म्हणाला, की मी सगळीकडे सांगत आलोय, सत्यमने स्वतः ऐकलंय, आता त्याला कसं सांगू.

"तू काय सांगत आलास ते मला ठावं हाय." अक्काने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "एक सांग मला. मी मुद्दाम पाय हळू टाकला म्हणून लिव्हलंस, ते तुला कसं कळलं रं? मलाच अजून कळंना."

म्हणजे तिने वाचलं होतं. अक्षराला अक्षर लावत, त्या वाक्यापर्यंत ती पोचली होती. थोड्या वेळाने ती उठली आणि परतीच्या गाडीला गेली. सुकन्याने जेवायचा आग्रह केला, तिने ऐकला नाही.

त्यानंतरचे दिवस त्याला फार जड गेले. शाळेत फळ्याकडे तोंड करून तो तसाच उभा राहायचा, पोरं खिदळायची तेव्हा भानावर यायचा. काय केलं तर सुटू, याचाच विचार. हाक ऐकली होती, पण का थांबली नाही ते तिलाच ठाऊक नाही, असं खरं खरं सांगावं? पण पोराचा प्रश्न 'का' नव्हताच. हाक ऐकलीस का, एवढंच त्याला विचारायचं होतं, आणि त्याचं खरं उत्तर दिलं की अक्काचा पोरगा गेला. सगळं मनाचं होतं म्हणावं? मग आजवरची सगळी भाषणं खोटी. ती भाषणं सोडली तर संगमेश्वरकडे काय होतं? एक पुस्तक, आणि तेही आता मनाचं ठरणारं. बरं, गप्प राहावं तर गप्प राहण्याचा अर्थ पोराने आधीच लावलेला होता. त्याने स्वतःच्या हाताने एक खोली बांधली होती आणि तिला दार ठेवायचं विसरला होता. आता आयुष्यभर हे असंच राहणार, याची त्याला भीती वाटे.

एकदा त्याने सुकन्यापुढे मांडणी करून पाहिली. कादंबरीतलं सत्य वेगळं, जगण्यातलं वेगळं, दोन्हींना एकच माप लावता येत नाही, असं काहीबाही. सुकन्या शेंगा फोडत होती. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे भाषण सत्यमपुढं नका करू. त्याला आई पाहिजे."

तो नांदेडला गेला. विष्णुपुरीला धरणाच्या बाजूला, झाडाखालच्या बाकावर सत्यम येऊन बसला. नमस्कार केला नाही. पोरगं वाळलं होतं, दाढी वाढलेली, मामाकडे न बघता पाण्याकडे बघत होतं. संगमेश्वर वाटेत जुळवलेली प्रस्तावना विसरला आणि त्याने सरळ सांगून टाकलं. अण्णाराव पाय घसरून पडला, एवढंच खरं. हाकेचं, हळू चालण्याचं, सगळं मी मनाने घातलं.

"सगळं?"

"सगळं."

"मग त्या दिवशी स्टेजवर एक शब्द खोटा न्हाई म्हणून का सांगितलं?"

"टाळ्या पडतात म्हणून."

त्या दिवशी तो जे बोलला त्यात एवढंच पुरतं खरं होतं, आणि सत्यमला ते ऐकूनच बाकीचं पटलं. त्याने मान वळवली. आईवरचा राग त्याच्या तोंडावरून उतरताना दिसला, आणि त्या जागी मामाविषयी जे आलं तेही दिसलं. "आई फोनवर गप का राहिली मग?" त्याने विचारलं. संगमेश्वर म्हणाला, तुझ्या पोटच्या पोराने असं विचारलं तर तू काय बोलशील? एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू द्यायला त्याला अडलं नाही. हे आपल्याला किती सहज जमतंय, ते त्याचं त्यालाच दिसलं.

सत्यम उठला. "हे मला एकट्याला सांगून भागत न्हाई, मामा," तो म्हणाला. "गावात तिला काय म्हणतात ते मला पोरांनी सांगितलं. येळवशीला शेतात या. सगळी भावकी असते. पांडवावर हात ठेवून तिथं बोला."

येळवशीला संगमेश्वर गेला. जाताना वाटलं, एसटी बंद पडावी, अंगात ताप भरावा. काही झालं नाही. सुकन्या सोबत होती. शेतात त्याच विहिरीच्या पल्याड कोप उभी होती. ज्वारी, करडई, हरभरा, सगळं नजर लागावी असं आलेलं. भावकी जमली होती, पोरं झाडाला बांधलेल्या झोक्यावर. अक्का भज्जीच्या पातेल्यापाशी होती. भावाला पाहून तिने फक्त पदर सारखा केला. सत्यम आदल्या दिवशीच घरी आला होता आणि आईच्या मागे मागे पाण्याची घागर उचलत होता. एवढ्यासाठीच आपण आलो, असं संगमेश्वरने मनाला बजावलं.

नैवेद्य झाला तेव्हा सत्यम म्हणाला, मामांना काही सांगायचंय. माणसं कोपीभोवती गोळा झाली. गुंडप्पा सगळ्यांत पुढे, काठीवर दोन्ही हात ठेवून. संगमेश्वर वाकून कोपीत शिरला, चुन्याच्या पहिल्या दगडावर हात ठेवला आणि बोलू लागला. बोलला तो फार चांगला बोलला. माझ्या बहिणीने मला आईसारखं वाढवलं, म्हणाला. पुस्तक गाजावं या हावेपोटी मी तिच्या दुःखात माझ्या मनाचं विष कालवलं. अशी हाक कुणी मारली नाही, कुणी ऐकली नाही. इथे त्याचा आवाज फाटला. तो मुद्दाम फाडलेला नव्हता, पण अगदी हव्या त्या जागी फाटला, आणि एक-दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. संगमेश्वरला आतून ते सगळं दिसत होतं. कुठे थांबायचं, कुठला शब्द हळू घ्यायचा, त्याला कळत होतं. इतकी वर्षं पुढच्या पुस्तकासाठी तो जे शोधत होता ते इथे, दगडावर हात ठेवून, धबधबा वाहत होतं.

बोलणं संपलं तेव्हा गुंडप्पा काठी टेकत वळला. मग अक्कापुढे गेला आणि म्हणाला, "सिंधु, आंबिल दे." तिने गाडगं भरून दिलं. तो तिथेच उभ्याने प्याला. सत्यम आईच्या पायाशी वाकला आणि बराच वेळ उठला नाही. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्याने बिंदगं उचललं आणि फेऱ्याला निघाला. अक्का त्याच्या मागून चालली.

एका तरण्या पोराने सगळं मोबाईलवर घेतलं होतं. उद्या ते अहमदपूरला, नांदेडला, जिथे जिथे टाळ्या पडल्या होत्या तिथे तिथे पोचणार, हे संगमेश्वरने ओळखलं. लोक त्याला खोटारडा म्हणतील, आणि तो खोटारडा कशात आहे हे त्याला जन्मात कुणाला सांगता येणार नाही. लिहिताही येणार नाही. भावकीतल्या कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. पण येळवशीला शेतात आलेल्याला उपाशी धाडत नाहीत, म्हणून पंगतीच्या टोकाला त्याचंही पान मांडलं गेलं.

फेरा आटोपून अक्का स्वतः वाढायला आली. भज्जी वाढली, आंबिल वाढली. त्याने मान वर केली नाही. ती उंडा ठेवायला वाकली तेव्हा तिचं तोंड त्याच्या कानाशी आलं.

"इतकं चांगलं खोटं बोलता येतंय की तुला, संगू," ती हळू म्हणाली. "मग लिव्हतानाच का न्हाई बोललास?"

आणि उंड्यांचं टोपलं कमरेला लावून ती पुढच्या पानाकडे गेली.